सोन्याचा उजेड आणि गुरुजींच्या तोंडातला चट्टा

आमच्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्या मंडळींत एक निवृत्त गुरुजी आहेत. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे नोकरी झाली. आवाज असा खणखणीत की पाढे म्हणायला लागले तर रस्त्यावर ऐकू यावे. तंबाखू मळण्याची सवय मात्र नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी ते उजव्या गालाच्या आतला एक पांढरट-लाल चट्टा दाखवायला आले. तीन आठवडे झाले तरी तो बरा होत नव्हता, तिखट लागले की झोंबत होता. मी म्हणालो, "गुरुजी, याचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. बायॉप्सी करू." गुरुजी "बघतो" म्हणाले आणि गेले.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले ते खिशात वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन. सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून कर्करोगाच्या पेशी जिवंत असतानाच चमकताना पाहता येतात, अशा अर्थाची ती बातमी होती. गुरुजींनी विचारले, "डॉक्टरसाहेब, हे खरे आहे का हो?" त्या दिवशी बाहेर पंचवीस-तीस रुग्ण बसले होते. मी कात्रणावरून नजर फिरवली आणि म्हणालो, "हो, शोध खरा आहे. चांगले काम चालले आहे." एवढेच. त्यापुढचे सांगायला मला दोन मिनिटे लागली असती. ती मी दिली नाहीत.

त्यानंतर गुरुजी आले ते पाच महिन्यांनी. चट्ट्याच्या जागी खोल जखम झाली होती आणि जबड्याखाली गाठ हाताला लागत होती. "तुम्हीच म्हणालात ना, शोध खरा आहे. म्हटले, कापाकापी न करता तपासणी येतेय तर थोडे थांबावे," गुरुजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवशी जे सांगायचे राहिले ते आज या सदरात सांगतो. गुरुजींना उशीर झाला, पण असे कात्रण खिशात घेऊन थांबलेली आणखी मंडळी आपल्या जिल्ह्यात असतील.

चमकणे म्हणजे नेमके काय?

पांढरे कपडे टिनोपालमध्ये बुडवून काढले की ते जास्तच पांढरे दिसतात. बँकेतला रोखपाल नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले काही धागे चमकतात. दोन्हींमागचे कारण एकच आहे. काही पदार्थ आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि त्यातली थोडी ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने परत देतात. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. वैद्यकशास्त्राने हा गुण फार पूर्वीच कामाला लावला. पेशीच्या ज्या भागाला असा रंग चिकटतो तो भाग खास सूक्ष्मदर्शकाखाली अंधारात दिवा लावल्यासारखा उठून दिसतो.

सोन्याचा दागिना असा चमकत नाही. त्याची झळाळी ही परावर्तित प्रकाशाची. १९६९ साली मूरेडियन नावाच्या शास्त्रज्ञाने सोन्याच्या तुकड्यातूनही अगदी क्षीण असा स्वतःचा प्रकाश निघतो हे दाखवले, पण तो इतका क्षीण की हजार कोटी प्रकाशकण आत गेले तर एखादाच बाहेर यावा.

मात्र सोने लहान लहान करत नेले की त्याचा स्वभाव पालटतो. अवघे पाच-पंचवीस किंवा फार तर शंभरेक अणू एकत्र राहतील इतका छोटा पुंजका केला, तर त्याचा आकार दोन नॅनोमीटरच्या आत येतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. आपल्या रक्तातली तांबडी पेशी सात ते आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे एका तांबड्या पेशीच्या रुंदीत असे साडेतीन-चार हजार पुंजके ओळीने बसतील.

दागिन्यातले इलेक्ट्रॉन उतरणीवरच्या चेंडूसारखे असतात, कुठेही थांबू शकतात. एवढ्याशा पुंजक्यात मात्र उतरण जाऊन जिन्याच्या पायऱ्या तयार होतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, आणि खाली उडी मारताना तेवढी ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. पुंजक्यात अणू किती यावर पायऱ्यांची उंची ठरते, आणि उंचीवर प्रकाशाचा रंग. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत रॉबर्ट डिक्सन यांच्या गटाने २००४ साली दाखवून दिले, की अणूंची संख्या वाढवत नेली तर हा रंग निळ्यापासून पार अवरक्तापर्यंत सरकत जातो.

२००९ साली सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी असे पुंजके करण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन घ्यायचे, त्यात सोन्याच्या क्षाराचे द्रावण मिसळायचे, अल्कली घालायची आणि आपल्या शरीराचे तापमान असते तेवढ्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेत सुमारे बारा तास ठेवायचे. पिवळसर द्रावण गडद तपकिरी होते आणि अतिनील दिव्याखाली लालभडक चमकते. प्रथिनाच्या कुशीत पंचवीस-पंचवीस अणूंचे पुंजके तयार झालेले असतात. भट्टी नाही, विषारी द्रावक नाही. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांनी ही रीत उचलली.

जिवंत पेशी पाहायची कशासाठी?

पॅथॉलॉजीच्या काचेवर आम्ही जी पेशी पाहतो ती मेलेली असते. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली, कापलेली, रंगवलेली. तो एक स्थिर फोटो असतो. औषध पेशीत कसे शिरते, शिरल्यावर कुठे जाते, पेशी मरते की त्याला दाद देत नाही, हे पाहायला चलच्चित्र हवे, म्हणजेच पेशी जिवंत हवी. त्यासाठी पेशीत जाऊन चमकणारी, पण पेशीला न मारणारी वस्तू लागते.

पूर्वीपासूनचे सेंद्रिय रंग फार काळ प्रकाशात धरले की फिके पडतात. क्वांटम डॉट नावाचे कण खूप तेजस्वी असतात, आणि त्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण त्यांतल्या अनेक कणांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. अशा वेळी सोन्याचे पुंजके उजवे ठरतात. आकाराने लहान, बरेच टिकाऊ, आणि सोने स्वतः सहसा कोणाशी भांडण न उकरणारे.

आपल्या देशातही हे काम चांगले झाले आहे. मद्रास आयआयटीतील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाचे नाव या क्षेत्रात जगात घेतले जाते. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. कोचीच्या अमृता संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांच्या सहकार्याने २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कर्कपेशींच्या पृष्ठभागावर फोलिक ॲसिड ओढून घेणारे ग्राहक भरपूर असतात. या मंडळींनी सोन्याच्या पुंजक्यांना फोलिक ॲसिड जोडले. ज्या पेशींवर ते ग्राहक होते त्यांनी ते पुंजके आत घेतले आणि त्या चमकू लागल्या.

गुरुजींच्या कात्रणातली बातमी याच जातीच्या कामाची होती. त्यात खोटे एक अक्षर नव्हते.

मग अडते कुठे?

पहिली गोष्ट, हे प्रयोग बहुतेक काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर होतात, फार तर उंदरांवर. बशीत पेशींचा पातळ थर असतो. माणसाच्या शरीरात कातडी, चरबी, स्नायू आणि रक्त असते. पेटत्या टॉर्चवर बोट ठेवून पाहा. तांबडा उजेड आरपार येईल, पण आतले हाड दिसणार नाही, कारण मांसात प्रकाश विखुरला जातो. पोटातली किंवा छातीतली गाठ बाहेरून अशी चमकताना पाहणे म्हणूनच कठीण.

दुसरी गोष्ट, उजेड मंद असतो. सिंगापूरच्या त्या पुंजक्यांनी शंभर प्रकाशकण शोषले तर साधारण सहा परत मिळत होते. सोन्याचा क्षीण स्वभाव पाहता ही मोठीच मजल, पण शरीराच्या आत ती पुरेशी नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शरीरात घातलेले सोने पुढे जाते कुठे? मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचे कण लघवीवाटे बाहेर पडू शकतात, हे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. पुंजका त्याहून लहान असतो खरा, पण त्याच्यावर प्रथिनाचे जाड पांघरूण असले की तो मोठा होतो आणि यकृतात, प्लीहेत अडकून राहू शकतो. तिथे तो वर्षानुवर्षे काय करील, हे उंदराच्या दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून सांगता येत नाही. चांदीच्या पुंजक्यांबाबत तर आणखी सावध राहावे लागते, कारण चांदी पेशींना त्रासदायक ठरू शकते.

गुरुजींचा चट्टा तोंडात होता, उघड्यावर होता. ही पद्धत माणसात कधी आलीच तर अशा जागी ती आधी उपयोगी पडेल, हे मीही मान्य करतो. पण तेव्हासुद्धा चमक फार तर जागा दाखवील. तिथे काय आहे, कर्करोग आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा, याचा निवाडा तुकडा तपासूनच करावा लागेल. आज तरी सोन्याच्या पुंजक्यांनी माणसाच्या कर्करोगाचे निदान करून देणारी तपासणी कुठल्याही रुग्णालयात आपल्याला मिळत नाही.

बातमीचा उरलेला अर्धा भाग

माझे मत असे आहे की संशोधनाच्या बातमीत 'कधी येणार' आणि 'कोणावर तपासले' या दोन गोष्टी पहिल्या चार ओळींत असल्याच पाहिजेत. त्या नसतील तर बातमी खरी असूनही वाचकाचे नुकसान करू शकते. आणि बातमीत त्या नसतील तर त्या सांगण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे. "शोध खरा आहे" एवढे म्हणून रुग्णाला दाराबाहेर पाठवणे म्हणजे अर्धीच चिठ्ठी लिहून देणे. ती चूक मी केली आहे.

वाचकांनीही आरोग्याची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. हे कशावर करून पाहिले, बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर केले असेल तर किती जणांवर? आणि ही तपासणी आज मला जिल्ह्याच्या किंवा मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर बातमी आनंदाने वाचावी, जपून ठेवावी आणि डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी ठरल्या दिवशी करून घ्यावी.

काहीजण म्हणतील, मग असल्या बातम्या छापताच कशाला? मला ते पटत नाही. ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेलीफिश गोळा करून तिच्यातले हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले, ते १९६२ साली. त्याचा रुग्णांना काय उपयोग, असे कोणी तेव्हा विचारले असते तर त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. तीस-बत्तीस वर्षांनी, १९९४ साली, ते प्रथिन दुसऱ्या सजीवांच्या पेशींत चमकवता येते हे मार्टिन चाल्फी यांनी दाखवले, आणि जीवशास्त्राला नवे डोळे फुटले. २००८ साली या दोघांना रॉजर त्सिएन यांच्यासह नोबेल मिळाले. कोणी तरी तीस वर्षे अशा कामाला पैसा आणि धीर पुरवावा लागतो. आपल्या सरकारनेही तो पुरवावा, आणि आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीने अशी बातमी वाचून रसायनशास्त्र घ्यावे, असे मला मनापासून वाटते. मात्र जो धीर संशोधकाने धरायचा तो रुग्णाने धरायचा नसतो. रुग्णाच्या अंगातला रोग संशोधनासाठी थांबत नाही.

चमकणाऱ्या तपासण्या आपल्याजवळही आहेत

हा गुण प्रयोगशाळेतच अडकून पडला आहे असेही समजू नका. मधुमेहाच्या रुग्णाच्या हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढतात, आणि त्यानंतर दिवसभर लघवी पिवळीधमक होते, हे तुमच्यापैकी काहींनी अनुभवले असेल. तो फ्लुओरेसीन नावाचा चमकणारा रंगच. १९६१ साली अमेरिकेतल्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही रीत प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर चालते.

क्षयरोगाच्या थुंकीची तपासणी घ्या. ऑरामाइन नावाचा रंग लावून एलईडी दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की क्षयाचे जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या काड्यांसारखे दिसतात. जुन्या पद्धतीपेक्षा यात जंतू सापडण्याचे प्रमाण जास्त आहे. गोव्यातील एका कंपनीचे ट्रूनॅट हे छोटे यंत्र थुंकीतल्या जंतूचे जनुक वाढवते आणि त्यातून निघणारी चमक मोजते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. सरकारी केंद्रांत क्षयाची तपासणी मोफत होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असून थुंकी तपासायला न जाणारा माणूस मात्र सोन्याच्या पुंजक्यांच्या बातमीवर चर्चा करतो, हे मी रोज पाहतो.

सोन्याचेच म्हणाल तर तेही आपल्या घरी येऊन गेले आहे. गर्भधारणा तपासण्याच्या अनेक पट्ट्यांवर आणि कोरोनाच्या काळातल्या झटपट चाचण्यांच्या बऱ्याच पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या सूक्ष्म कणांची असते. ते कण पुंजक्यांपेक्षा मोठे असतात आणि चमकत नाहीत, नुसते लाल दिसतात. पण उपयोग सिद्ध झाला म्हणून ते दुकानात आले.

बाटलीवाल्यांपासून सावध

अशा बातम्यांच्या मागोमाग 'नॅनो सोने' लिहिलेल्या बाटल्या घेऊन फिरणारे विक्रेते येतात. थेंब घ्या, कर्करोग, संधिवात, अशक्तपणा सगळे जाईल, असे सांगतात. वर हेच ते बातमीतले सोने, असेही म्हणतात. वाचकहो, प्रयोगशाळेतला पुंजका हे पेशी पाहण्याचे साधन आहे. तो पिण्याचे औषध नाही. सोन्याची काही संयुगे संधिवातावर औषध म्हणून वापरली गेली आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त-लघवी तपासत, कारण त्यांनी मूत्रपिंडाला आणि त्वचेला इजा होऊ शकते. बाटलीवाला लघवी तपासायला थांबत नाही. ज्याला आपण काय विकतो हे सांगता येत नाही त्याला पैसे देऊ नयेत.

शेवटी तोंडाचे

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मळलेली तंबाखू, मावा, सुपारी चालूच आहे. म्हणून एवढे लक्षात ठेवा. आठवड्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, गिळताना त्रास, मानेत गाठ, यातले काहीही असले तर दाखवावे. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याचा कार्यक्रम आहे, त्याचा लाभ घ्यावा.

डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली तर घाबरू नका. जागा बधिर करून तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा काढतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. 'सुरी लागली की रोग पसरतो' ही समजूत फार जुनी आहे आणि तिने अनेकांना उशीर केला आहे. नीट केलेल्या बायॉप्सीने तोंडाचा कर्करोग वाढत नाही, वेळ दवडल्याने वाढतो. लहान असताना सापडलेला तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो. उपचाराच्या खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात का, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी.

गुरुजींची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचारही झाले. जबड्याचा काही भाग काढावा लागला. ते घरी आहेत, जेवतात, नातवाचा अभ्यास घेतात. आवाज आहे, पण शब्द पूर्वीसारखे स्पष्ट उमटत नाहीत. मागच्या महिन्यात ते तपासणीला आले तेव्हा त्यांनी पाटीवर लिहून मला विचारले, "त्या सोन्याच्या कणांचे पुढे काय झाले?" मी खुर्ची जवळ ओढली आणि वर लिहिले ते सगळे त्यांना सांगितले. बाहेर त्या दिवशीही गर्दी होती.